ग्रंथालयाचा गंध

आत्याच्या आयात कंपनीत व्हिस्की चाखणारी समिती आहे, म्हणजे आतोबा आणि त्यांचे मित्र, निवृत्त कप्तान. दोघांनाही तीस वर्षांचा अनुभव. त्यातली दहा वर्षं फुकटच्या बाटल्यांवर गेली आणि उरलेली वीस त्या बाटल्यांच्या आठवणींवर. मी रसायनशास्त्र शिकलेली भाची. सहा महिने तळमजल्यावर लेबलं चिकटवत होते. आत्या म्हणाली होती, "आजची तुझी नोंद पटली, तर कायमची वर, चाखायच्या खोलीत."

नमुने दोन होते: बारा वर्षांची स्कॉटिश आणि इंग्लंडमधल्या एका नव्या कारखान्याची तीन वर्षांची सिंगल माल्ट. ग्लासांवर फक्त क आणि ख. कशात काय, हे एकट्या आत्याला ठाऊक.

"इंग्लंडात माल्ट!" कप्तान हसले. "दुधाचे दात तरी पडले का तिचे?"

आतोबा नाकाने कांदे सोलण्यात तरबेज. क हुंगून त्यांनी तोंड वाकडं केलं. "कच्ची. पोरकट." मग ख हुंगला आणि डोळेच मिटले. "अहाहा! जुनं ग्रंथालय. चामडी बांधणीची पुस्तकं. ही बारा वर्षांची."

"आणि दमट तळघर," कप्तानांनी री ओढली.

तो वास मलाही आला, पण फक्त ग्लासाच्या काठाशी. घोट घेतला तर हिरवं सफरचंद, भाजलेलं धान्य आणि कोवळ्या लाकडाचा तुरटपणा. मग लक्षात आलं. क साठी दांडीला टांगलेले ग्लास घेतले होते. ते तीनच होते, म्हणून ख पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या ग्लासांत ओतली होती. धूळ बसू नये म्हणून आतोबांनी ते महिनाभर उपडे ठेवायला लावले होते, आणि ओतण्याआधी ते कुणी विसळले नव्हते.

मी खोक्यातला एक रिकामा ग्लास काढून हुंगला. जुनं ग्रंथालय, चामडी बांधणीसकट. तो आतोबांपुढे धरला. "हाही बारा वर्षांचा का, आतोबा?"

त्यांनी हुंगला आणि ते लाल झाले. "कालची पोर मला नाक शिकवते!"

"अहो, ख इंग्लिश आहे," आत्या म्हणाली.

मग कप्तान म्हणाले, "म्हणजे इंग्रजांनी कमालच केली की!"

"मी तेच म्हणत होतो," आतोबा म्हणाले. "वय तीन, बाज बाराचा."

आत्याने माहितीपत्रकासाठी समितीचं मत लिहून काढलं: जुन्या ग्रंथालयाचा गंध. कागद माझ्याकडे सरकवला. "कर सही, आणि सोमवारपासून वर ये."

"अगं, तो खोक्याचा वास आहे. लोकांच्या ग्लासात येणारच नाही तो."

"नाही आला तर त्यांना वाटेल, आपलंच नाक चुकतंय. तीस वर्षं हेच चाललंय, बाळा."

मी माझा वेगळा कागद घेतला. 'ख: ग्लासाला पुठ्ठ्याचा वास. विसळलेल्या ग्लासात पुन्हा चाखावी.' त्याच्यावर सही केली. आत्याने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.

"मग सोमवारी खालीच ये."

"सोमवार कशाला? आत्ताच जाते."

ख ची बाटली मात्र मी उचलली. आतोबा ओरडले, "ती कुठे नेतेस?"

"विसळलेल्या ग्लासात चाखायला," मी म्हणाले. "अजून कुणी चाखलेली नाही."