वारं लागलेली रोपं

वालूरच्या शिवारात, तात्यारावांच्या ओढ्याकडच्या खोलगट तुकड्यात पपईची अकराशे ऐंशी रोपं होती. एकोणचाळीस रांगांत तीस-तीस, शेवटच्या रांगेत दहा. सभोवती आठ बांबू, त्यांना ताणून बांधलेल्या बारा जुन्या साड्या. शिवाय दोन तापमापक, एक रोपांमध्ये आणि एक बाहेर बांधाजवळ, तेवढ्याच उंचीवर. पारा रात्रीत कुठवर उतरला ते धरून ठेवणारे.

तापमापक बबिताचे. साड्या तिच्या आईने, केशरबाईने बांधलेल्या.

रोपं जगली तर विहिरीजवळचं अर्धं एकर बबिताला, असं तिचे वडील, तात्याराव, सगळ्यांसमोर बोलले होते. नाही जगली तर ते धम्मदीपचं, तिच्या भावाचं.

"माय, हे काय करून ठेवलंस?"

"थंडी पडायलीय. वारं लागंल की लेकरांना."

केशरबाईने आजवर सात बाळंतपणं काढली होती. दाराच्या फटीत बोळे कोंबायचे, बाळाचे कान बांधायचे, एवढं केलं की काही होत नाही, हा तिचा अनुभव.

"वारंच पाहिजे इथं," बबिता म्हणाली. "आंघोळीच्या बादलीत गरम पाणी ओतलं की वर चटका बसतो, तळ गारच राहतो. हात घालून ढवळलं की सगळं कोमट. रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवा गारठते. ऊब वर राहते. वारं म्हणजे ढवळणारा हात. तू तोच बांधून टाकलास."

"आन् उघड्यावर गार वाजतंय ते?"

"तुला वाजतंय. तुझ्या अंगाची ऊब नेतं ते. रोपाला कुठली आलीय ऊब? झाकायचंच तर वरून झाक."

"वरनं झाकलं तर जीव गुदमरंल त्यांचा," केशरबाई म्हणाली. धम्मदीप बांधावरून हसला. "ताई, त्यांना सुंठ-गूळ बी दे."

बबिताने बाराही साड्या सोडल्या, घड्या घालून आईच्या हातात दिल्या आणि परभणीची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात प्रात्यक्षिक परीक्षा होती. वसतिगृहाच्या खिडकीची काच रात्रभर थडथडत राहिली. वारा सुटला होता. ती निवांत झोपली.

परीक्षा उरकून ती दुपारी परतली. मळा यायच्या आधीच रस्त्यावरून तिला साड्यांचे रंग दिसले. आता त्या दुहेरी होत्या. खाली फट राहू नये म्हणून काठांवर दगड ठेवले होते.

आतली पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून देठांवर लोंबत होती. केशरबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

"लय वारं सुटलं, बाई. तू गेलीस आन् माझ्यानं राहवलं न्हाई. घरातल्या होत्या तेवढ्या समद्या बांधल्या."

"तरी वारं लागलंच," तात्याराव म्हणाले. "सांजच्याला तू सोडल्या नसत्या तर लागलं नसतं. शिकून काय उपयोग? ते अर्धं एकर धम्मदीप बघंल आता."

धम्मदीप या वेळी हसला नाही. त्याने विहिरीकडे नजर टाकली.

बबिताने आधी बांधाजवळचा तापमापक वाचला, मग साडी उचलून आतला.

बाहेर चार पूर्णांक तीन अंश. आत शून्य पूर्णांक सहा.