रुंद स्की आणि खिंडीतला बर्फ

माझे वडील दाम्बा आमच्या अल्ताईच्या डोंगरांत स्की बनवायचे. फळ्या तासायच्या, उकळत्या पाण्यात भिजवून टोकं वाकवायची, तळाला घोड्याच्या नडगीचं कातडं ओलं असतानाच ठोकायचं. केसांची दिशा मागे, म्हणजे चढताना पाय मागे सरकत नाही. कातडं ताणून धरायचं काम माझं. त्यामुळे पुरुषांनी शिकायच्या गोष्टी मी फुकटात शिकले. भुसभुशीत बर्फाला रुंद स्की, नाहीतर माणूस मांडीपर्यंत रुततो. वाऱ्यानं घासून काढलेल्या कडक उतारावर अरुंद, कारण तिथे कड रुतवावी लागते. रुंद स्की तिथे ताटासारखी घसरते.

लग्न होऊन मी वरच्या गावात आले. नवरा सेदिप, सासरे बालचीर आणि पुढे आमची उराना. त्या हिवाळ्यात ती तीन वर्षांची होती. तिचा घसा सुजला आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. औषध खिंडीपलीकडच्या गावातल्या डॉक्टरकडे. रस्ता ऑक्टोबरातच बंद झालेला, घोडा बर्फात बुडेल. सेदिपनं स्कीवरूनच जायचं ठरलं. एक दिवस जायला, एक यायला.

आमच्याकडे बर्फ घोड्यावरून मोजतात. गुडघ्यापर्यंत असला तर अरुंद स्की, पोटाला टेकला तर रुंद. मोजतो घरातला वडीलधारा. सकाळी मामंजी अंगणात गेले, घोडीच्या पोटाखाली हात घातला आणि ओरडले, "रुंद काढ रे! पोटाला लागलाय!"

अंगणातला बर्फ खराच होता. पण तीन रात्री मी उरानाला मांडीवर घेऊन जागी होते, आणि तिन्ही रात्री खिंडीतून वारा घोंघावत होता. आमच्या दरीत जे साचलं होतं ते वरूनच उडून आलं होतं. वर कडक कवच उरलं असणार.

सून सासऱ्यांशी शिकारीच्या सामानाबद्दल बोलत नाही. मी सेदिपच्या पिशवीत भाजलेलं पीठ नि लोणी भरत हळूच म्हटलं, "वर वारा होता. अरुंद ने."

मामंजींचे कान म्हातारे नव्हते. "काय म्हणतेय?"

"अरुंद ने म्हणतेय, बाबा," सेदिपनं सांगितलं.

"अस्सं! स्कीवाल्याची लेक ना! मग उद्यापासून शिकारीला सूनबाईंनी जावं, आपण दोघं घरी गाई पिळू." ते हसले. शेजारचा ओचूर दोरी द्यायला आला होता, तोही हसला. "आणि सेदिपला झोळीत घालून झोके द्या," तो म्हणाला.

सेदिप हसला नाही. दोन्ही जोड्या भिंतीला टेकवून उभा राहिला. मग सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, "तू सांग. तू सांगशील त्या नेतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. आतून उरानाचा श्वास ऐकू येत होता. माझ्या जिभेवर एकच शब्द होता.

"बाबा म्हणतात त्या ने," मी म्हटलं.

त्यानं रुंद स्कीचे पट्टे आवळले, लांब काठी घेतली आणि निघाला. गावाबाहेरच्या मऊ बर्फावर तो इतका सुरेख तरंगत गेला की मामंजी म्हणाले, "बघ पोरी, बघ!"

दुसऱ्या संध्याकाळी उराना गेली. श्वास थांबल्यावर घर इतकं शांत झालं की चुलीतलं लाकूड तडकलं तरी मी दचकत होते. तरी आणखी एक दिवस मी तिला पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं, बाप येईल म्हणून.

चौथ्या दिवशी शोधायला गेलेले ओचूर आणि त्याचा भाऊ सेदिपला ढोराच्या कातड्यावर ओढत घेऊन आले. तो खिंड ओलांडूच शकला नव्हता. वरच्या कवचावर पाय आडवे निसटले, खाली खडकांपर्यंत गेला, मांडीचं हाड मोडलं. दोन रात्री एका कपारीत काढल्या. पायाची तीन बोटं काळी पडली होती. त्यानं पहिलं काय विचारलं ते मी लिहीत नाही.

मामंजी त्यानंतर माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. चहा दिला की मान खाली घालून घ्यायचे. त्यांचा राग करावा तर तेवढाही हक्क माझ्याकडे नव्हता. तिन्ही रात्री ते झोपले होते; वारा मी ऐकला होता.

वसंतात सेदिप काठी टेकत चालू लागला. एक दिवस दारात बसून मला म्हणाला, "मी तिथे पडल्या पडल्या खूप विचार केला. कुठल्याही स्की असत्या तरी पडलोच असतो. उतारच तसा होता. हो ना? तुझ्या वडिलांचा हात तुझ्यात आहे, तुला कळतं."

तो माझ्याकडे पाहत होता. त्याला ते हवं होतं, भुकेल्या माणसाला हवं असतं तसं.

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर तो एकतीस वर्षं जगला. रोज जेवला, माझ्या शेजारी झोपला, आणि दर हिवाळ्यात कुणी त्या दिवसाचा विषय काढला की म्हणायचा, "हिला विचारा, ही सांगेल." लोक माझ्याकडे वळायचे आणि मी मान हलवायचे.