तौनोच्या वळणावरची म्हातारी शिंपली

मित्रांनो, नदीच्या तळाशी वाळूत अर्धी रुतून बसलेली मी एक म्हातारी शिंपली आहे. फिनलंडच्या उत्तर भागात, रानातून वाहणारी ही नदी माझे घर. वरून पाहिलेत तर काळा गोटा समजून पुढे जाल. माणसांचे बोलणे मला कसे कळते ते मात्र विचारू नका. इतकी वर्षे एका जागी बसले की कळू लागते.

आईने मला पाण्यात सोडले तेव्हा मी धुळीच्या कणाएवढी होते. एका ट्राउट माशाच्या कल्ल्याला चिकटले आणि सारा हिवाळा त्याच्याकडे फुकटची पाहुणी राहिले. बर्फ वितळल्यावर वाळूत पडले, आणि हळूहळू कामाला लागले. पाणी आत ओढायचे, त्यातला प्राणवायू आणि अन्न ठेवून घ्यायचे, नितळ पाणी बाहेर सोडायचे. आम्ही हजारोंनी होतो. गालिचे धुवायला येणाऱ्या बायका म्हणत, "या वळणावरचं पाणी म्हणजे नुसती काच!" तेव्हा फार बरे वाटे. मोत्यांच्या लोभाने लोक आमच्यातल्या कित्येकींना फोडून टाकत, तरी आम्ही पुरून उरलो.

आमचा घात केला तो गाळाने. वरच्या दलदलीतले पाणी काढून तिथे झाडे लावण्यासाठी लोकांनी चर खणले आणि पावसाबरोबर तपकिरी माती खाली येऊ लागली. वाळूत दडलेली आमची पिल्ले गुदमरून गेली. उरलो आम्ही म्हाताऱ्या, उपाशी आणि हडकुळ्या. कोणी आमचे नावही काढीना.

मग एका उन्हाळ्यात हिल्का नावाची जीवशास्त्रज्ञ बाई काचेच्या तळाचे डबडे पाण्यावर धरून, वाकून वाकून तळ पाहत आली. काठावर तौनो म्हातारा उभा होता. ते वळण त्याच्याच शेताला लागून.

"काय बाई, दगडांची नाडी बघताय?"

"बघतेय, तौनोकाका. तुमच्या थर्मासात दूध आहे का?"

"कॉफी आहे. दूध वेगळं."

"दूधच द्या."

तिने मला उचलून पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवले आणि माझ्या तोंडाशी दुधाचा एक थेंब सोडला. मी घाबरून घट्ट मिटले होते.

"मेलीय ती," तौनो म्हणाला.

"थांबा जरा."

मी जरा उघडले, श्वास घेतला. दुधाची पांढरी रेघ वळत वळत माझ्यात शिरली.

"अरेच्चा! दूध पितेय की ही!"

"श्वास घेतेय. खातेही त्याच पाण्यातून. शिवलं की मिटते. आणि या शिंपल्यावरच्या रेघा बघा, झाडासारखी वर्षावर्षानं वाढलीय. तुमच्या आजोबांच्याही आधीची असेल."

"मग झालं तर. आहे जिवंत."

"ही आहे हो. पण अख्ख्या नदीत एकही लहान शिंपली सापडली नाही मला. या म्हाताऱ्या गेल्या की संपलं."

तौनो गढूळ पाण्याकडे पाहत राहिला. "ही माती... दलदलीतल्या माझ्या चरांतून येते?"

"तुमच्याही," हिल्का हळूच म्हणाली.

तिने आम्हा काही जणींना शिंपल्या वाढवायच्या तिच्या केंद्रात नेले. थंड, स्वच्छ पाण्याच्या टाक्या आणि पोटभर खाणे. तरीही मला धास्ती होती. शेजारच्या दोघी पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. माझ्याच्याने आता काही होईल असे मला वाटत नव्हते. पण अंगावर मांस चढले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी पिल्लांचा ढगच्या ढग पाण्यात सोडला.

हिल्काने त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग तिने त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला.

"मिटली! पटापट मिटली सगळी!" ती ओरडली. जिवंत पिल्ले मिठाने अशीच मिटतात. मेलेली मिटत नाहीत. तिने लगेच तौनोला फोन लावला.

"काका, तुमच्या म्हातारीला पोरं झाली!"

"या वयात?" तौनो म्हणाला. "चर बुजवायला घेतलेत मी. घाई करतो."

माझी पिल्ले केंद्रातल्या ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून नदीत गेली. मागोमाग मलाही माझ्या जागी आणून ठेवले. पाण्यातली माती वर्षागणिक कमी होत गेली. आणि परवा हिल्काने वाळू चाळली तेव्हा चाळणीत नखाएवढी एक शिंपली निघाली. तौनो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने ती तळहातावर घेतली.

"कुठं ठेवू हिला?"

"काढली तिथंच."

त्याने वाकून वाळूत बोटाने खळगा केला आणि तिला माझ्या शेजारी अलगद ठेवले.

मित्रांनो, जे हलत नाही, बोलत नाही, त्याला मेलेले समजू नका; थोडा वेळ थांबून पाहा. आणि नदीत माती, कचरा सोडण्याआधी तळाशी कोण राहते ते आठवा. माझी काळजी आता मिटली आहे. शेजारची पोर वाळूत नीट रुतून बसली आहे, आणि तिला पाणी कसे ओढायचे ते शिकवावे लागले नाही.