निळा खडू

शिंप्याच्या दुकानातून खडू नाहीसे होत होते. कापडावर आखणी करायचे ते चपटे खडू, निळे आणि गुलाबी. आठवड्यात तिसरा गेला, तेव्हा त्याने चोर पकडलाच. चोर कापायच्या टेबलाखाली बसला होता, पाच वर्षांचा होता आणि त्याची जीभ निळी झाली होती.

चोर म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, बटण.

"हात पुढे कर!" शिंप्याने लाकडी पट्टी तिच्या तळहातावर मारली. ती रडलीसुद्धा नाही. तिला नुसती धाप लागली.

एरवी या लेकीचं त्याला कोण कौतुक! "आमचं बटण एकदा बसवलं की हलायचं नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. पळापळ नाही, हट्ट नाही. भूक लागली की चहा-बिस्कीट. जेवतानाही चहाच, कारण भाजीचा घास ती गालात धरून बसे, आणि शिंप्याला तेवढा वेळ कुठला!

त्याच दुपारी आरोग्य केंद्रातली नर्स एप्रन सैल करून घ्यायला आली. शिंप्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "ताई, माती म्हणू नका, खडू म्हणू नका, काहीही खाते बघा. मार दिला तरी सुधारत नाही."

नर्सने मुलीला दारातल्या उजेडात नेलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू पांढरीफटक होती.

"मारताय कसलं हिला!" ती म्हणाली. "हिच्या अंगात रक्त नाही. लोह कमी पडलं की कितीतरी मुलं असं माती-खडू खातात. आणि ही शांत नाही हो, दमलेली आहे!"

"पण दोन्ही वेळा पोटभर देतो की!"

"काय देता? डाळ, पालेभाजी, अंडं? की चहात बुडवून काहीतरी? जेवणावर चहा दिला की खाल्लेलं लोहही अंगी लागत नाही. शिवाय अनवाणी फिरते. पोटात जंत असतील, तेही रक्त पितात."

डबा घेऊन आलेली आई दारातच थबकली होती. "मलाही पोटुशी असताना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, उष्ण पडतील, घेऊ नकोस."

शिंप्याने हातातलं काम टाकून मुलीला उचलून घेतलं.

संध्याकाळी मुलीला रुग्णालयात रक्त चढवलं. सुई टोचताना ती कळवळून म्हणाली, "बाबा, आता नाही खाणार खडू. पुरे ना!" तिला तीही चोरीचीच शिक्षा वाटली होती. शिंपी ढसाढसा रडला. साऱ्या वस्तीतल्या मुलांची मापं त्याने घेतली होती. आपल्या लेकीचा दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून तिला होतो, वाढीसाठी खाली दुमडलेलं कापड उसवावंच लागलं नाही, हे मात्र त्याला कधी दिसलं नव्हतं. उलट फ्रॉक टिकला म्हणून तो खूश होता!

औषधं झाली, जेवणावरचा चहा गेला, पायात चपला आल्या. काही महिन्यांत बटण पळू लागलं. शाळेत मात्र अक्षरं तिच्या लक्षात राहत नव्हती. "शिकेल सावकाश," नर्स म्हणाली. "पण वाढीची गेलेली वर्षं मला परत आणून देता येणार नाहीत."

आता कुणाच्या मुलाचं माप वर्षभर तेवढंच राहिलं, तर शिंपी टेप खाली ठेवतो. "कपडे मागाहून शिवू. आधी नर्सताईंकडे न्या."

"तुम्ही शिंपी की डॉक्टर?" एखादी आई चिडते.

"शिंपीच. माप डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं एकदा."

वाचकहो, आपल्या घरातलं लेकरू फार शहाण्यासारखं बसून राहत असेल, तर कौतुक करण्याआधी त्याची पापणी ओढून बघा. माती खाणाऱ्या मुलाला मारू नका, डॉक्टरांकडे न्या. त्याच्या ताटात काय आहे आणि त्याच्या आईच्या ताटात काय होतं, हे स्वतःला विचारा. मूल मुकाट्याने सोसतं, म्हणून आपल्याला कळत नाही!

परवा अखेर तो फ्रॉक आखूड झाला. खालचं कापड उसवून आखणी करायला शिंप्याने लाकडी पट्टी उचलली. अंगणातून धावत आलेली बटण जागीच थांबली आणि न सांगता तिने हात पुढे केला.