मागं पाहू नका

हिंगणीजवळच्या तळ्यात कोणा शहाण्यानं मशीन उतरवलं आणि तळाचं सगळं पाणगवत खरवडून काढलं. गवतच नाही म्हटल्यावर मासळी अंडी घालणार कुठं? जाळी रिकामी येऊ लागली, तेव्हा ढिवरांच्या बायांनी दुसऱ्या तळ्यावरून गवताचं बी आणलं. त्यांच्यातल्या रामबाईनं ते वाफ्यात मेथी फेकावी तसं पाण्यावर फेकलं. सकाळी पाहते तर सारं बी तरंगत काठाला लागलेलं आणि बदकं त्यावर तुटून पडलेली.

रामबाईचं डोकंच फिरलं. मग उरलेलं बी घेऊन बसली, चिकणमाती मळली आणि बी आत दाबून गोळे वळू लागली. सून सोनम दारातच थबकली. सासऱ्यांच्या दहाव्याला असेच गोळे पत्रावळीवर मांडलेले तिनं पाहिले होते.

"आई, हे तं पिंड दिसून राह्यले! घरात काऊन करता असं?"

"पिंड सोडले तं सरळ तळाले गेले, पाह्यलं ना? मेलेल्यासाठी जाते, तं जित्यासाठी काऊन नाई जाणार?"

दोघी कमरेभर पाण्यात उतरल्या. एकेक गोळा बुडबुडे सोडत खाली गेला. ओंजळ रिकामी होताच सोनम सवयीनं वळली.

"चला आई. मागं पाहू नका."

नवऱ्याच्या दहाव्याला रामबाईनं हेच ऐकून मान ताठ धरली होती. आता ती सावकाश मागं वळली.

"ते गेलेल्यासाठी असते, पोरी. ज्यानं वापस यावं वाटते, त्याच्याकडं पाहाच लागते."