लायमनभाऊंची तेरवी

लायमन ट्रेडवे हा अमेरिकन नट प्रत्येक सिनेमात मरत असे. कधी घोड्यावरून पडून, कधी दारूच्या गुत्त्यात गोळी लागून, आणि एकदा तर नुसती पाठीवर शिडी पडून. नायक होण्याइतकं त्याचं नाक सरळ नव्हतं आणि खलनायक होण्याइतकी छाती रुंद नव्हती. म्हणून हॉलिवूडने त्याला मरण्याच्या कामावर ठेवलं होतं, आणि ते काम तो मन लावून करी. दुसरे नट गोळी लागली की धान्याच्या पोत्यासारखे पडत. लायमन आधी आश्चर्य करी, मग टोपी सावरी, वाटेत एखादी बाई उभी असेल तर तिला बाजूला होऊ देई आणि मगच पडे.

नागपुरातल्या तांडापेठेच्या कोष्ट्यांना तो आवडे तो यासाठीच. अमावास्येला माग बंद असत. त्या सुमारास सदर भागातल्या थिएटरात लायमनचा सिनेमा असला की त्यांच्यातला ईश्वरदास आपल्या गल्लीतले विणकर गोळा करून पायी निघे आणि पडद्याला नाक लागेल अशा स्वस्त बाकांवर सगळ्यांना बसवी.

"मराले पाहिजे तं असं," तो म्हणे. "पाहून जीव गार होते."

मिशासुद्धा त्याने लायमनसारख्या पेन्सिलीने ओढल्यागत कोरून घेतल्या होत्या. लायमनला त्या शोभत नव्हत्या, ईश्वरदासला तर त्याहून नाही.

या मंडळींना सिनेमातलं इंग्रजी समजावून सांगायला श्रीधर होता. श्रीधर एका वाचनालयात सहायक होता. छप्पन साली राजधानी नागपुरातून भोपाळला गेली, तिच्याबरोबर वाचनालयाचे निम्मे वाचकही गेले, आणि श्रीधरशी बोलणारं फारसं कोणी उरलं नाही. त्याचा आवाज मुळातच इतका हळू की 'शांतता राखा' ही पाटी त्याच्याकडे पाहूनच रंगवली असावी, असं लोक म्हणत. घरी बायको अरुंधती त्याला अर्ध्या वाक्यात गाठी आणि उरलेलं वाक्य स्वतःच पूर्ण करी. ते त्याच्या मनातल्या वाक्यापेक्षा चांगलं असे, ही खरी पंचाईत.

एका मॅटिनीला तो चुकून ईश्वरदासशेजारी बसला. "तो गोरा काय म्हणून राहिला गा?" असं ईश्वरदासने विचारलं आणि श्रीधरने सांगितलं. खरं म्हणजे त्यालाही निम्मंच कळलं होतं. उरलेलं त्याने पदरचं घातलं. पण सगळी रांग मान पुढे काढून ऐकत होती. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तेव्हापासून ईश्वरदासच्या मागाजवळ एक लाकडी खुर्ची 'मास्तरची' म्हणून ठरली. तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर मैनाबाई, म्हणजे ईश्वरदासची थोरली बहीण, त्याला लाटण्याने उठवी.

खुर्ची मिळाली की ती राखावी लागते. एकदा ईश्वरदासने विचारलं, "मास्तर, लायमनभाऊचा बाप काय करे?"

'ठाऊक नाही' हे वाक्य श्रीधर घरी आणि कामावर इतक्या वेळा म्हणे की तिसऱ्या ठिकाणी ते त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "माग होता त्यांचा. बहुतेक."

ते 'बहुतेक' मागावरच्या धोट्याच्या खटखटीत कोणाला ऐकू गेलं नाही. लायमन ट्रेडवे त्या दिवसापासून विणकराचा पोरगा झाला आणि तांडापेठेने त्याला आपल्यात घेतला.

मग तो सिनेमा आला. त्यात लायमन शेवटपर्यंत जगला. चांगला दोन पायांवर चालत पडद्याबाहेर गेला. दिवे लागले तरी विणकर उठेनात. चूक दुरुस्त करायला तो परत येईल अशी त्यांची समजूत. तो आला नाही. त्यानंतर वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, पण लायमनचा एकही सिनेमा नागपुरात लागला नाही.

चंपतराव हा गल्लीतला तर्कशास्त्री. कोणाचंही वाईट झालं की ते का होणारच होतं, हे त्याला लगेच कळे. तो म्हणाला, "सोपं आहे. जवापर्यंत पडद्यावर मरे, तवापर्यंत घरी जिता होता. त्या बारीले पडद्यावर वाचला. मरण कुठंतरी तं निघनच ना बाप्पा? घरी निघालं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. श्रीधरनेही, कारण इतकी सुसंगत गोष्ट त्याने ग्रंथांतही क्वचित वाचली होती.

ईश्वरदास दोन दिवस मागावर बसला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्याले पोरबाळ नाही. एकाही सिनेमात दिसलं नाही. विणकराचं पोर असं बिनापाण्याचं जाऊ द्याचं काय? मी करतो त्याचं."

"ख्रिस्ती माणसाले पिंड चालते काय?" चंपतराव म्हणाला.

"भूक लागल्यावर कोणी जात पाहाते?" मैनाबाई म्हणाली, आणि तेरवी ठरली. मरणाची तिथी ठाऊक नसल्याने दहावा आणि तेरवी एकाच दिवशी उरकायची होती. भटजींनी गोत्र विचारलं. ईश्वरदास म्हणाला, "माझंच घ्या."

आणि पंगतीआधी मास्तरांनी लायमनभाऊंचं जीवनचरित्र सांगायचं, असंही ठरलं.

श्रीधरने आयुष्यात भाषण केलं नव्हतं. त्याने रजा टाकून चरित्र लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'लायमन ट्रेडवे यांचा जन्म एका विणकराच्या घरी झाला.' ते त्याने कितीदा खोडलं आणि कितीदा पुन्हा लिहिलं. ते काढावं तर ईश्वरदास मुंडण कशासाठी करणार, आणि ठेवावं तर दाताखाली खडा. बाकीचं चरित्र मात्र झकास उतरलं. अरुंधतीने चाळून पाहिलं आणि म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा दोन ओळी नाही सुचल्या तुम्हाला."

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी मिशनच्या दवाखान्यातली अमेरिकन नर्सबाई वाचनालयात पुस्तकं परत करायला आली. ती नुकतीच मायदेशी जाऊन आली होती. तिचं मराठी श्रीधरच्या मराठीपेक्षा खणखणीत होतं. निदान मृत्यूची तारीख तरी मिळावी म्हणून श्रीधरने धीर करून विचारलं.

"लायमन ट्रेडवे?" बाई म्हणाली. "माझी आई दर गुरुवारी संध्याकाळी त्याला घरी पाहते."

श्रीधर कानापर्यंत लाल झाला. बाईने समजावून सांगितलं. तिकडे आता घरोघर एक पेटी असते, तिच्यात चित्र हलतं-बोलतं, आणि लायमन सिनेमा सोडून त्या पेटीत नोकरीला लागला आहे. न्यायाधीशाचं काम करतो. चांगला जाड झाला आहे.

"मरत नाही?"

"मरून कसं चालेल? पुढच्या गुरुवारी काय दाखवतील?"

श्रीधरला रात्रभर डोळा लागला नाही. सांगावं तर भाषण गेलं, खुर्ची गेली, आणि आज नट जिवंत निघाला म्हटल्यावर उद्या त्याच्या बापाची चौकशी होणार. न सांगावं तर ईश्वरदास एका धडधाकट, गुबगुबीत माणसासाठी डोकं भादरून घेणार. पहाटे त्याने सांगायचं ठरवलं आणि भाषणाचे कागद मात्र खिशात घातले.

तो दहाव्याच्या जागी, नाईक तलावाच्या काठी पोचला तेव्हा ईश्वरदासचं डोकं तुळतुळीत झालं होतं आणि न्हावी मिशीकडे वळला होता. अर्धी मिशी उतरली. हीच वेळ होती. श्रीधर खाकरला. तो शब्द जुळवीपर्यंत उरलेली अर्धीही खाली पडली.

पिंड मांडला गेला. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना.

"भाऊ, तुमचे सारे सिनेमे पुन्हा पाहू," ईश्वरदास हात जोडून म्हणाला. कावळ्याने चोच पुसली.

"घोड्यात जीव अडकला असन," कोणी म्हणालं.

"एखादी बाई मागं सोडली असन, तं तिचंबी पाहू," मैनाबाई म्हणाली. कावळा तिच्याकडे पाठ करून बसला.

ऊन चढलं. भटजी सावलीत सरकले. शेवटी चंपतराव म्हणाला, "अरे, त्याले मराठी कुठं समजते? मास्तर, तुम्ही इंग्रजीतून सांगा."

सगळ्यांनी श्रीधरला पुढे ढकललं. समोर पिंड, वर कावळा, शेजारी ईश्वरदासचं चकचकीत डोकं आणि मिशीच्या जागी पांढरी पट्टी. श्रीधरने कावळ्याकडे पाहिलं, मग ईश्वरदासकडे वळला.

"तो येणार नाही," तो म्हणाला. "लायमन मेलेला नाही."

ईश्वरदासचा हात ओठावर गेला. "काय म्हणून राहिले मास्तर?"

श्रीधरने नर्सबाईचं सगळं सांगितलं. पेटी, गुरुवार, न्यायाधीश.

"पेटीत ठेवला आहे अन् गुरुवारी दिसते," चंपतराव म्हणाला. "हे तं मेल्याचंच लक्षण होय."

"थांब गा," मैनाबाई म्हणाली. "मास्तर, तो जाड झाला म्हणता?"

"चांगला जाड."

"मंग भूत नाही. भूत जाड होत नाही."

हे सर्वांना पटलं, आणि पटल्याबरोबर सगळे ईश्वरदासच्या डोक्याकडे पाहू लागले. कोणीतरी हसू दाबलं. "सारी तांडापेठ हासन आता," ईश्वरदास हळूच म्हणाला. "रात्रीच काहून नाही सांगितलं, मास्तर?"

श्रीधरने खाली पाहिलं. खुर्चीवर आता कोणाला बसवतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

"हासन कायले?" मैनाबाई म्हणाली. "आपला देवराव लढाईवर ब्रह्मदेशात मेला म्हणून तेरवी केली होती, अन् तो वापस आला. घरात घेतलं काय तसंच? ज्याचं पाणी सोडलं तो जुन्या नावानं घरात येत नाही. त्याचं बारसं केलं, रुपराव नाव ठेवलं, अन् मंग जेवू घातलं. हा काय वेगळा आहे? सैपाक तं चुलीवर हायेच."

भटजी म्हणाले शास्त्रात तशी सोय आहे. ते उपाशी होते, त्यामुळे शास्त्रात आणखीही पुष्कळ सोयी निघाल्या असत्या.

दुपारी ईश्वरदासच्या घरी पंगत तीच राहिली, फक्त तीत बारशाच्या घुगऱ्यांची भर पडली. शेजारून पाळणा आणला. थिएटरच्या दरवानाकडून मागून आणलेल्या पोस्टरमधून लायमनचं डोकं कापून पाळण्यात ठेवलं. टोपीसकट, कारण टोपी काढली तर कपाळ फाटत होतं. मैनाबाईने आत्या म्हणून त्याच्या कागदी कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं: नानाजी ईश्वरदास सोनकुसरे. बायकांनी तिच्या पाठीत रीतसर बुक्के मारले.

"आता मास्तरचं भाषण," ईश्वरदास म्हणाला.

"चरित्र कायचं आता?" चंपतराव म्हणाला. "पोट्टं तं आताच जन्मलं."

लोक हसले. भटजी घुगऱ्या चावत म्हणाले, "भविष्य सांगा म्हणावं. जन्मवेळेशिवाय मी सांगत नसतो."

श्रीधरने खिशातले कागद काढले. पहिली ओळ त्याने पाहिली. जिने इतके दिवस झोप खाल्ली होती तीच. पाळण्याशेजारी ईश्वरदास भादरलेल्या डोक्याने दोरी धरून बसला होता. त्या ओळीत आता खोटं असं काही उरलंच नव्हतं.

"हा मुलगा एका विणकराच्या घरी जन्मला आहे," श्रीधर म्हणाला, आणि त्याचा आवाज पार मागच्या बायकांपर्यंत गेला. "तो मोठा होईल. सातासमुद्रापलीकडे जाईल. घोड्यावर बसेल आणि पडेल. गोळी लागली तरी टोपी सावरल्याशिवाय तो पडणार नाही..."

सगळे कागद त्याने असे भविष्यकाळात लोटत वाचले. कोणी उठलं नाही. चंपतरावने मध्येच एकदा डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी श्रीधर तांडापेठेत गेला तो खुर्ची पाहायला. खुर्ची जागेवर होती. तिच्यासमोर लुगडी ठेवायची लाकडी पेटी उभी केली होती, झाकण उघडं, आणि आत तळाला नानाजीचं डोकं खळीने चिकटवलं होतं. सगळी गल्ली खाली बसली होती.

"अमेरिकेत घरोघर दिसते तं बापाच्या घरी काहून नाही?" ईश्वरदास म्हणाला. त्याच्या ओठावर खुंट उगवले होते. "सांगा मास्तर, आज काय केलं त्यानं?"

श्रीधर बसला आणि सांगू लागला. गुत्ता होता, आरोपी पिस्तूल घेऊन आला होता, न्यायाधीश दारात उभा होता. गोळी सुटली. सवयीने श्रीधर म्हणाला, "लायमनला आश्चर्य वाटलं. त्याने टोपी सावरली..."

"मास्तर," मैनाबाई म्हणाली, "मारू नका गा. घरचं पोर आहे."

श्रीधरने चष्मा पुसला, पेटीकडे पाहिलं आणि गोळी टोपीतून आरपार काढली.