केबिनमधल्या कूलरचं पाणी

बाबांच्या हातून कप तिसऱ्यांदा सुटला, तेव्हाच लवंगीने ठरवलं: साहेबाला सोडायचं नाही. अंगाने एवढीशी आणि आवाज केवढा, म्हणून घरात तिचं नाव लवंगी.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळायच्या कारखान्यात बाबांनी चौदा वर्षं पाइप जोडले. हात थरथरायला लागले, तसं साहेबाने सगळ्यांसमोर सुनावलं, "सकाळीच लावून येतोस काय रे? बेवड्यांना इथे जागा नाही!" चहापलीकडे कशाला न शिवलेला माणूस मान खाली घालून घरी आला.

लवंगीची मावशी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिने एक भुकटी बनवली होती. मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं, पण डोळ्यांना न दिसणारी. भुकटी लावलेली कागदी पट्टी जांभळ्या दिव्याखाली निळीशार चमकायची. पाण्यात शिसं असलं की ते भोकांत ठाण मांडून बसायचं आणि चमक विझायची.

"म्हणजे चुगलखोर कागद!" लवंगी हरखली.

"चुगली नाही गं, पुरावा. पण तुझा साहेब कारखान्याच्या नाल्याचं खरं पाणी देईल तर ना? दरवर्षी तपासणीला दिलेली बाटली स्वच्छच निघते."

बाबा पुटपुटले, "निघणारच. मीच भरायचो. त्याच्या केबिनमधल्या कूलरमधून."

लवंगीने विचारलं, "आणि कूलरला पाणी कुठून येतं?"

"आधी नळाचं यायचं. गेल्या उन्हाळ्यात नळ आटला. साहेब म्हणाला, 'कुठून आणतोस ते मला सांगत बसू नकोस, पाणी आलं पाहिजे.' मी मागच्या अंगणातली बोअर जोडून दिली." बाबा थबकले. त्याच अंगणात बॅटऱ्यांच्या ॲसिडचे गळके हौद होते. "अरे देवा! त्याला सांगायला हवं."

"सांगू की," लवंगी म्हणाली. "आठवड्याने तपासणी आहे. तेव्हाच सांगू."

तोवर साहेब रोज तेच पाणी पिणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी चौदा वर्षं शिशाची धूळ गिळली, त्यानेच हात थरथरायला लागले, तेव्हा कुणाची झोप उडाली होती?

तपासणीला अधिकारी आले, मावशी आली आणि तिची पेटी धरायला लवंगी. साहेबाच्या तोंडून साखर सांडत होती. "नाल्याचं पाणी ना? मीच आणतो. तुम्ही कशाला पाय खराब करता!"

दोन मिनिटांत परत. बूट कोरडे ठणठणीत.

मावशीने आधी घरच्या पाण्यात पट्टी बुडवून जांभळ्या दिव्याखाली धरली. निळी. मग साहेबाच्या बाटलीत. निळा रंग काजळत गेला आणि विझला.

"शक्यच नाही!" साहेब ओरडला. "हे नाल्याचं नाहीच, हे तर माझ्या कूलर..."

जीभ चावली, पण बाण सुटला होता. अधिकाऱ्यांनी केबिनमध्ये जाऊन स्वतः कूलरची तोटी उघडली. नवी पट्टीही विझली.

"बोअरचं आहे ते," लवंगी म्हणाली. "अंगणातल्या. कुठून आणलं ते तुम्हाला सांगत बसायचं नव्हतं ना?"

टेबलावर अर्धा प्यालेला ग्लास होता. साहेबाने तो उचलून लांब ठेवायला घेतला. पाणी कागदांवर सांडलं.

"हात थरथरतायत, साहेब," लवंगीने गोड आवाजात विचारलं. "सकाळीच लावून आलात?"

मावशीने तिच्या दंडाला चिमटा काढला. फार जोरात नाही.